कंस

सोमवारी शालिकमामाच्या अंगठ्याला चाकू लागला,
जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बसवताना.
मी वहीत लिहिलं: लांबी अठरा मिलिमीटर.
त्याच वहीत, दोन पानं मागे,
नागपूरच्या रिपोर्टवरून उतरवलेली
गालाच्या आतली गाठ: एकवीस, तिरपी.

"काय लिव्हते वं?"
"मोजते."
"मोज मंग," म्हणाला, आणि खर्‍याची पन्नी
सवयीनं चाचपली खिशात.
खिसा मामीनं केव्हाच उलटा करून शिवून टाकलाय.

बुधवारी सतरा. शुक्रवारी चौदा.
जखमेच्या दोन कडा एकमेकींना हाका मारतात,
असं मला प्रबंधात लिहिता येत नाही.
तिथे लिहिते: प म्हणजे पेशी,
प बदलण्याचा वेग बरोबर
संकेताचा जोर गुणिले प, गुणिले
कंसात एक वजा प भागिले जागा.

"कंस?" मामा हसला, जेवढं तोंड उघडतं तेवढं.
"म्हंजे मामाच की वं. माह्यासारखा."

हो मामा. कंसाबाहेर नुसतं
वाढा, वाढा, वाढा.
जागा भरत आली की कंस शून्याकडे सरकतो,
आणि कडा भेटल्यावर
हाक आपोआप विरते.
गालात तीच हाक आहे.
तेच रेणू, तीच अक्षरं, मी तीनदा तपासलं.
परका शब्द एकही नाही.
फक्त तिथे कुणीतरी
कंस पुसून टाकलाय.

हे मी त्याला सांगितलं बांधावर बसून,
शेंदुरजन्याचं माघातलं ऊन पाठीवर घेत.
त्यानं ऐकलं. मग एक रोप जवळ ओढलं.
"हे पाह्य. डोळा धरला का पट्टी सोडा लागते.
नाही सोडली तं खोडात रुतते,
वरतं गाठ फुगते.
अन् घाई केली तं डोळा वाळते."
"कधी सोडायची, कसं कळतं?"
नखानं साल जराशी खरवडली त्यानं.
आत हिरवं.
"एकवीस दिस. पण दिस इचारू नोको, हे इचार."

तेवढ्यासाठी माझ्याकडे
चार समीकरणं आहेत, सहा गृहीतकं
आणि एक स्थिरांक, जो मला
उंदरांच्या पाठीवरून उसना घ्यावा लागला.

रात्री दोन्ही रेषा काढल्या एकाच कागदावर.
एक चढते, दमते, आडवी होते.
दुसरी कागदाच्या कडेपर्यंत जाते
आणि तिथे कागद संपतो.
मामानं चष्मा लावला.
"हा माह्या अंगठा. अन् हे?"
मी काही बोलले नाही.
त्यानं तोच अंगठा दुसर्‍या रेषेवर टेकवला,
भरलेल्या कापाची गुलाबी खूण वर.
"इथून वाकवता नाही येत का?"

"पेन्सिलनं येते, मामा."

"मंग ठीक हाय," म्हणाला,
जसं मी होच म्हटलं होतं.

आज एकविसावा दिवस.
तो तिकडे, हिरव्या कपड्यात,
त्याच्या बाहेरच्या बाकावर वच्छलामामी.
जबडा किती ठेवता येईल
ते उघडल्यावर सांगू म्हणाले.
मी इकडे वाफ्यात, तीनशे बारा रोपं,
ब्लेडनं पट्ट्या सोडते आहे.
नखानं खरवडते. हिरवं.
हिरवं. तपकिरी.
हिरवं.
एका खोडावर पट्टी रुतलीये,
वर बोराएवढा फुगवटा.
ही बहुतेक माझीच बांधलेली,
त्या पहिल्या दिवशी, फार आवळून.

फोन वाजतो वहीवर ठेवलेला,
मामीचं नाव.
हात डिंकानं चिकट.
अर्धी सुटलेली पट्टी बोटांत.
ती अर्धी ठेवता येत नाही,
एवढंच शिकवलंय मला मामानं,
म्हणून आधी
ती.